त्रेसष्ट नंबरचं बूच

खारोलीच्या तेलक्षेत्रात दोनशे अकरा विहिरी होत्या, पण कंपनीच्या कपाटात त्यातल्या एकशे नव्वदच सापडत होत्या. बाकीच्या एकवीस वाळवीने खाल्ल्या होत्या. विहिरी नव्हे, त्यांचे कागद.

विहीर म्हणजे पाण्याची नाही. हातभर रुंदीचं, दीड किलोमीटर खोल, पोलादी नळी घातलेलं भोक. नर्मदेच्या मुखाजवळच्या खाऱ्या रानात अशी दोनशे अकरा भोकं पाडून कंपनीने पन्नास वर्षं तेल ओढलं आणि दोन हजार पंधराच्या सुमारास ‘संपलं’ म्हणून फाटकाला कुलूप लावलं. संपलं बिंपलं काही नव्हतं. खालच्या वाळूच्या दगडात जेवढं तेल असतं त्यातलं निम्म्याहून जास्त दगडालाच चिकटून राहतं. तेलकट कढई नुसत्या पाण्याने धुवून बघा, म्हणजे कळेल.

दोन हजार एकोणचाळीसमध्ये कंपनीला साबण सापडला. सिमेंटच्या भट्ट्यांतून आणि खताच्या कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड. तो इतका दाबायचा की धड वायू राहत नाही आणि धड पाणीही होत नाही. मग तो नळीतून दीड किलोमीटर खाली सोडायचा. तिथे तो चिकटलेल्या तेलात मिसळतो, तेल फुगतं, पातळ होतं, दगड सोडतं आणि दुसऱ्या विहिरीतून वर येतं. तेलाबरोबर थोडा वायू वर येतो, तो पुन्हा खाली ढकलायचा. बाकीचा खालीच राहतो, कायमचा. कंपनीच्या फाटकावर आता हिरवं पान रंगवलं होतं आणि पानाखाली लिहिलं होतं, ‘आम्ही धूर गाडतो.’ त्याच धुराच्या जोरावर तेल काढून ते जाळायला विकतो, हे लिहायला भिंतीवर जागा उरली नसावी.

आता वायू खाली राहतो तो कशाच्या भरवशावर? तेलाच्या दगडावर चिकणमातीच्या दगडाचा जाड थर आहे. ते झाकण. लाखो वर्षं त्याने तेल दाबून धरलं, ते वायूलाही धरेल. झाकण निसर्गाने बसवलं, चांगलं बसवलं. त्याला दोनशे अकरा भोकं माणसांनी पाडली.

विहीर सोडताना भोकात सिमेंटचं बूच मारायचं असतं. शंभर मीटर लांबीचं, खोलवर. ते नीट बसलं असेल तर धोका नाही. कच्चं राहिलं असेल तर धोका आहे, कारण हा वायू पाण्यात विरघळला की आंबट होतो, सोड्याच्या बाटलीत असतो तसा, आणि आंबट पाणी कच्चं सिमेंट हळूहळू खातं. म्हणून वायू सोडायच्या आधी प्रत्येक जुनं बूच कसं आहे ते कळायला हवं. आणि कागद तर वाळवीच्या पोटात.

तोडगा काढला तो जागृती महालेने. वय बत्तीस, क्षेत्राची सुरक्षा अभियंता. ती मीटिंगमध्ये म्हणाली, “कागद नाहीत, पण माणसं आहेत. ज्यांनी बुचं मारली त्या मजुरांना विचारा.” साहेब लोक हसले. हजारो टन वायू आणि भरवसा कुणाचा, तर नंदुरबार-धुळ्याकडच्या चौथी-सातवी शिकलेल्या म्हाताऱ्यांचा? जागृती म्हणाली, “तुमच्या कागदापेक्षा माझ्या बापाचा शब्द पक्का आहे.”

तिचा बाप म्हणजे झुलाल ओंकार महाले. रिगवर, म्हणजे विहीर खोदायच्या मनोऱ्यावर, सिमेंटचा पंप चालवायचा. वय अडुसष्ट. हसणारे साहेब सहा महिन्यांत गप्प झाले, कारण झुलाल आणि त्याचा जोडीदार भिकन कोळी यांनी रानातून सोळा हरवलेल्या विहिरी शोधून दिल्या, आणि प्रत्येकीचं बूच किती मीटरवर आहे तेही सांगितलं. पहिल्या काही विहिरींत यंत्र उतरवून तपासलं तर चार-पाच मीटरचा फरक, मग पुढच्यांचं नुसत्या शब्दावर चाललं. कंपनीने दोघांचा फोटो ऑफिसच्या हॉलमध्ये लावला.

सतरावी विहीर होती त्रेसष्ट नंबरची.

“आबा, हळू. गुडघा दुखेल.”

“गुडघ्याने शोधतो का मी? डोळ्यांनी शोधतो.” झुलाल काठीने वेड्या बाभळीच्या फांद्या बाजूला करत पुढे चालला होता.

“जागू, तुझा बाप विहीर हुंगून काढतो,” मागून भिकन म्हणाला. “घरातला चष्मा मात्र त्याला दोन दोन दिवस सापडत नाही.”

“तू बोल. तुला तुझं घर सापडत नव्हतं, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी.”

“ते मी मुद्दाम करत होतो भो.”

काठी लोखंडावर वाजली. मातीत बुडालेला नळीचा बुंधा, त्यावर वेल्डिंग केलेली गंजकी प्लेट. झुलालने पायाने माती सारली आणि उगाचच जास्त वेळ सारत राहिला.

जागृतीने टॅबलेट काढला. ठरलेले प्रश्न होते, ती ते आपल्या बापालाही नेमाने विचारायची.

“बूच कुठे?”

“तेराशे वीसपासून बाराशे वीसपर्यंत.”

“सिमेंट धरायला वेळ दिला?”

“अठरा तास.”

“टॅग केलं?”

टॅग म्हणजे परीक्षा. सिमेंट धरलं असं वाटलं की वरून पाइप सोडायचा, बुचावर टेकवायचा आणि त्याच्यावर काही टन वजन द्यायचं. हललं नाही तर बूच खरं. वर बसून खालचं ओळखायचा तो एकच मार्ग होता.

झुलालने बाभळीकडे बघितलं. “केलं.”

“वजन?”

“पाच टन. हललं नाही.”

“महिना, वर्ष?”

“एप्रिल. दोन हजार बारा.”

जागृतीने मान वर केली आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. “म्हणजे माझी पहिली आखाजी! भिकनकाका, माझ्याकडे फोटो आहे. मी महिनाभराची, आबाच्या मांडीवर.”

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. बाकीच्या महाराष्ट्रात त्या दिवशी सोनं घेतात. खानदेशात त्या दिवशी घर भरतं. लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके लागतात, बाया गाणी म्हणतात, खापरावर मांडे भाजतात, पुरुष पत्ते कुटतात. कामाला लांब गेलेला खानदेशी माणूस दिवाळी एखाद्या वेळी सोडेल, आखाजी सोडणार नाही. आणि झुलालच्या बॅचमध्ये सगळेच्या सगळे खानदेशी होते.

“रिगवर असून आबा माझ्या एकाही आखाजीला चुकला नाही,” जागृती भिकनला सांगत होती. “बाकीच्या पोरींचे बाप फोन करायचे. माझा बाप यायचा.”

भिकनला खोकला आला. तो खोकत खोकत “आलो” म्हणाला आणि उताराकडे गेला. जागृती ‘साक्ष नोंदली’ हे बटण दाबून जीपकडे वळली.

झुलाल तिथेच उभा राहिला. सोळा विहिरींचं त्याने खरं सांगितलं होतं. सतरावीचं खोटं सांगितलं.

दहा मिनिटांनी भिकन उतारावरून वर आला तो धापा टाकत. तोंड लाल, कपाळावर घाम.

“काय रे, लढाई करून आला का?”

“हसू नको. बसलो होतो खाली चरात. म्हटलं बिडी पेटवू. काडी पेटते, सवयीने आडोशाला गुडघ्यांमधे खाली नेली की विझते. पाच काड्या गेल्या. खाली चरात वारा तर नाही. आणि डोकं असं ठणकून राहिलं, तीन मजले चढून आल्यासारखं.”

झुलालने काड्यापेटी त्याच्या हातातून घेतली आणि उतरला. चराच्या काठावर पाय फाकवून उभा राहिला, काडी पेटवली आणि हात खाली नेला. मांडीपाशी ज्योत ठीक होती. गुडघ्यापाशी बारीक झाली. घोट्यापाशी विझली. कुणी चिमटीत धरावी तशी.

त्याने दुसरी पेटवली. तीच गत.

हा वायू हवेपेक्षा जड असतो. वास नाही, रंग नाही. पाणी जसं खोलगट जागा धरतं तसा तो धरतो. चराच्या काठावर कंपनीचं वायू मोजायचं यंत्र होतं, हिरवा दिवा लावून आरामात उभं. ते छातीच्या उंचीवर बसवलेलं होतं, साहेबाला वाकून वाचायला लागू नये म्हणून.

बुचांची तपासणी पुरी व्हायच्या आधीच या भागात तीन आठवडे चाचणी म्हणून कमी दाबाने वायू सोडत होते. सोमवारी पूर्ण दाब सुरू होणार होता. कमी दाबात काडी विझत होती. आणि चर जिथे उतरत होता तिथे तीनशे पावलांवर तळ होता. मीठ पिकवणाऱ्या अगरियांची चाळीस घरं. त्यांची पोरं जमिनीवर बसून खेळतात, जमिनीवर झोपतात.

“झुलाल,” भिकन त्याच्या शेजारी येऊन हळू म्हणाला, “नुसती काडी दाखव तिला. ती हुशार आहे, बाकीचं यंत्र शोधेल. त्रेसष्ट दुरुस्त होईल. आपलं नाव कशाला?”

“आणि चाळीस नंबरची? आणि एकाहत्तर?”

भिकनने न पेटलेली बिडी कानावर अडकवली.

“तिथं अजून काडी विझत नाही, भिकन. विझेल तेव्हा तिथं कोण बसलेलं असेल, तू?”

“बत्तीस वर्षं झाली भो. फोटो लावलाय आपला.”

झुलालने काड्यापेटी त्याच्या खिशात घातली आणि चढ चढायला लागला. गुडघा खरंच दुखत होता.

जागृती जीपच्या बोनेटवर टॅबलेट ठेवून उभी होती. त्याने तिला चरातली काडी सांगितली. ती लगेच हातातलं मोजायचं यंत्र उचलून निघाली, तसं त्याने तिचं मनगट धरलं.

“थांब. अजून आहे.”

“आबा, आधी ते बघू दे.”

“हे आधी ऐक. मी टॅग केलं नव्हतं.”

तिला कळलं नाही. “काय?”

“त्रेसष्ट. टॅग केलं नव्हतं. सिमेंट सोडलं दुपारी तीनला. अठरा तास थांबायचं होतं. आम्ही पाचला प्लेट मारली आणि ट्रकने सुरत गाठलं. रात्रीची पॅसेंजर आपल्या दोंडाईच्याला पहाटे लागायची. दुसऱ्या दिवशी आखाजी होती. कागदावर मी लिहिलं, पाच टन, हललं नाही. रिगवरच्या निगम साहेबाने सही केली. तो म्हणाला, तुम्ही लिहा, मला रिग सोमवारी हलवायचीय.”

जागृतीने मनगट सोडवून घेतलं. टॅबलेट उचलला. तिचा आवाज ऑफिसातला झाला.

“तुम्ही किती विहिरींबाबत असं केलंत?”

जन्मापासून ती त्याला ‘तू’ म्हणत आली होती. ते ‘तुम्ही’ झुलालला थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

“तीन. त्रेसष्ट, एकाहत्तर, चाळीस.”

“वर्षं?”

“बारा, तेरा, चौदा.”

“महिना?”

ती लिहीत होती, तिचं बोट पडद्यावर तसंच थांबलं. मग तिला सण कळला. तिन्ही वर्षांचा.

“तेरा साली तू पाऊल टाकायला लागली होतीस,” झुलाल म्हणाला. “चौदा साली तू फोनवर बोबडं म्हणालीस, आबा ये, झोका दे.”

जागृती जीपला पाठ टेकून खाली बसली. तिचं लहानपण तीन फोटोंत होतं. मांडीवर, अंगणात, झोक्यावर. तिन्ही फोटोंखाली आता एकेक भोक उघडं होतं.

“मला का सांगितलं?” ती शेवटी म्हणाली. “मी सगळ्यांपुढे तुझ्या शब्दाची शपथ घेतलीय. आता ते म्हणतील, बघा, मजूर. तुझं एकट्याचं नाही जाणार, आबा. सगळ्या म्हाताऱ्यांचं जाईल. भिकनकाकांचं, सुकलालबाबांचं. कुणाला पुन्हा विचारणार नाहीत.”

“माहीत आहे.”

“मग?”

“खाली पोरं आहेत, माय.”

ती उठली. चरापाशी गेली, यंत्र घोट्यापाशी धरलं. आकडा बघितला आणि तिने तिथूनच कंट्रोल रूमला फोन लावून वायू बंद करायला लावला. सुरक्षा अभियंत्याला तेवढा अधिकार होता. सहा तासांचा. त्यानंतर वरची परवानगी लागायची.

वरचे म्हणजे मेहरोत्रा साहेब. त्यांचा फोन दोन मिनिटांत आला. जागृतीने तो स्पीकरवर ठेवला, मुद्दाम, आणि त्रेसष्टबद्दल बापाने काय कबूल केलं ते सांगितलं.

“बरं केलंस, बंद केलंस,” मेहरोत्रा म्हणाले. माणूस वाईट नव्हता, फक्त साहेब होता. “असं लिही, तुझ्या हातातल्या यंत्राने गळती पकडली. त्रेसष्ट दुरुस्त करू. चार दिवसांचं काम. वडिलांचं नाव मध्ये आणायची गरज नाही.”

“सर, आणखी दोन आहेत. चाळीस आणि एकाहत्तर.”

“तिथे यंत्राला काही दिसतंय?”

“अजून नाही.”

“मग कशाच्या आधारावर लिहिणार?”

“साक्षीच्या.”

“ज्या साक्षीदाराने आत्ताच खोटं सांगितलं त्याच्या?” मेहरोत्रा थांबले. “जागृती, मी तुझ्या भल्याचं सांगतोय. घरी जा, विचार कर.”

फोन बंद झाला. झुलालने भिकनकडे बघितलं. भिकनने जमिनीकडे.

आणि तेव्हा वारा पडला.

खाडीकडचा वारा दिवसभर वाहतो, तोच या रानाला वाचवत होता. वायू फुटला तरी तो पसरून टाकायचा. दिवस कलताना तो दोन-तीन तास थांबतो. तिकडे त्रेसष्टच्या प्लेटखालून बारीक शिट्टी यायला लागली होती. पंप बंद केला म्हणून खालचा दाब लगेच उतरत नाही. गंजलेली वेल्डिंग एका बाजूने सुटली होती.

“तळ खाली करायचा,” जागृती म्हणाली आणि धावली.

चाळीस घरांतली माणसं बाहेर आली, पण हलेनात. ना आग, ना धूर, ना वास. एक पोरगी हातात आकड्यांचं डबडं घेऊन ओरडतेय की पळा. लीलाबेन नावाची बाई पुढे आली, कमरेवर हात ठेवून. तिच्या गुजरातीत तिने विचारलं, “आहे काय? दाखव तरी.”

झुलालने भिकनच्या खिशातून काड्यापेटी काढली. काडी पेटवली आणि सगळ्यांसमोर हात जमिनीकडे नेला. ज्योत पिंढरीपाशी विझली.

“इथपर्यंत आलाय,” तो म्हणाला. “तुमची पोरं किती उंच आहेत?”

एका बाईने पायापाशी खेळणारं पोर उचललं.

“पोरांना खांद्यावर घ्या. चालायला सोडू नका. कुणी वाकायचं नाही, काही पडलं तरी उचलायचं नाही. वरच्या रस्त्याकडे.”

“हे कुठून आलं?” लीलाबेनने विचारलं.

जागृतीने तोंड उघडलं, पण झुलाल आधी बोलला. “वरच्या विहिरीतून. तिचं बूच कच्चं आहे. मी मारलं होतं. तपासायच्या आधीच पोरीला भेटायला गावी पळालो.”

बाईने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या जागृतीला बघितलं. “हीच पोर?”

“हीच.”

“मग आता आमची उचल,” ती म्हणाली आणि आपला नातू त्याच्या खांद्यावर बसवला.

तळातून माणसांची रांग निघाली. प्रत्येकाच्या खांद्यावर एक मूल, कुणाच्या दोन. जत्रेला निघाल्यासारखी. पोरांना मजा वाटत होती, ती एकमेकांना टाळ्या देत होती. भिकनच्या खांद्यावरच्या पोराने त्याचे कान घोड्याच्या लगामासारखे धरले होते. “अरे हळू ना भो, उपटून राहिला का?” भिकन ओरडत होता आणि रडत होता.

रस्त्यावर पोहोचल्यावर एक तरुण बाई किंचाळली. तिला वाटलं होतं बाळ सासूने घेतलं, सासूला वाटलं होतं तिने. बाळ झोळीत होतं, शेवटून दुसऱ्या घरात.

जागृती वळली तोवर झुलाल उताराला लागला होता.

“आबा!”

“तू माणसं मोज,” त्याने मागे न बघता सांगितलं.

घरात शिरताना त्याने छाती भरून श्वास घेतला आणि कोंडून धरला. झोळी छपराच्या वाशाला बांधली होती, पण जुनं लुगडं ताणून ताणून गुडघ्यापर्यंत लोंबलं होतं. वाकल्याशिवाय बाळ हाताला येणार नव्हतं. तो वाकला. कानांत रक्त ठोकायला लागलं. बाळाची पाठ हाताला लागली, गरम. त्याने ते उचलून सरळ डोक्याच्या वर धरलं, पाण्यातून गाठोडं नेतात तसं, आणि हात वर ठेवूनच चालत सुटला. अर्ध्या उतारावर त्याचा श्वास सुटला. पाय वाकडे पडायला लागले, पण हात खाली आले नाहीत.

जागृतीने ते बाळ त्याच्या हातांतून घेतलं. बाळाने डोळे किलकिले केले. जागं झालं, त्याने आजूबाजूला बघितलं आणि इतकी माणसं कशाला जमली म्हणून चिडून रडायला लागलं.

झुलाल रस्त्याच्या डांबरावर आडवा पडला. जागृती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

“तुझ्या बापाला असल्या उड्या मारायचं वय आहे का?” ती म्हणाली. तिला नक्की कुणाला बोलायचं होतं ते तिचं तिलाही कळलं नसावं.

तिसऱ्या तासाला वारा परत आला. कुणी मेलं नाही. चौदा शेळ्या आणि एक कुत्रा सोडून. लीलाबेनच्या पाच शेळ्या होत्या त्यात. ही नोंद कंपनीच्या अहवालात नाही, म्हणून इथे करतोय.

तीन दिवसांनी जागृतीने स्वतःचा अहवाल वर पाठवला. त्यात तिन्ही विहिरी होत्या, तिन्ही वर्षं होती आणि बापाचं पूर्ण नाव होतं. हॉलमधला फोटो त्याच दुपारी उतरला. भिकनने जाऊन तो मागून आणला. “माझा अर्धा मला द्या, त्याचा अर्धा त्याला देतो,” असं काहीतरी तो शिपायाशी भांडला म्हणतात.

तिन्ही विहिरी उघडल्या. त्रेसष्टचं बूच ओलं असतानाच घसरलं होतं. साठ मीटर खाली भेगाळलेलं, कुजलेल्या दातासारखं सापडलं. एकाहत्तरमध्ये बूच नव्हतंच, सिमेंट चिखलात मिसळून वाहून गेलेलं. आणि चाळीसचं बूच, कुणी न तपासलेलं, दगडासारखं पक्कं निघालं. का, ते कुणाला सांगता आलं नाही.

चौकशी ऑफिसातच झाली. टेबलापलीकडे तिघे, त्यांत मेहरोत्रा. अलीकडे झुलाल, हात मांडीवर. बाजूला टाइप करणारा कारकून. जागृती सुरक्षा अभियंता म्हणून हजर होती. मुलगी म्हणून तिला आत घेतलं नसतं.

मसुदा तयारच होता. ‘कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा’ असं शीर्षक. जागृतीने तो वाचला आणि परत सरकवला.

“निगम साहेबांची सही आहे तिन्ही कागदांवर. त्यांचं नाव कुठे आहे?”

“कागद वाळवीने खाल्ले ना?”

“साक्षीत आहे. आणि दुसरा साक्षीदार बाहेर बसलाय. भिकन कोळी. आपणहून आलाय.”

“ते निवृत्त झालेत. परदेशात असतात.”

“हेसुद्धा निवृत्त झालेत. हे इथे आलेत.” तिने बापाकडे बोट केलं. “ज्याने पंप चालवला त्याचं नाव पहिल्या ओळीत, आणि ज्याने तपासायचं होतं त्याचं नावच नाही? मी सही करणार नाही.”

मधला म्हातारा अधिकारी इतका वेळ काही बोलला नव्हता. त्याने चष्मा काढला आणि झुलालला विचारलं, “महाले, खरं सांगा. त्या दिवशी घरी काही तातडीचं होतं का? कुणी आजारी? काही कारण असेल तर आम्हाला नोंदवता येईल. तुमचंच हलकं होईल.”

खोटं बोलायची ही चांगली संधी होती, आणि सगळ्या खोलीला ते समजत होतं.

“नाही साहेब,” झुलाल म्हणाला. “कुणी आजारी नव्हतं.”

“मग कशासाठी गेलात?”

“पोरगी बघायला. महिन्याची झाली होती, मी तोवर बघितली नव्हती.”

“मग? भेटलात?”

“झोपलेली होती साहेब. मी पोचलो तेव्हा झोपलेली. बाया झोक्यावर होत्या, माणसं पत्त्यांना बसली. मला बोलावत होती. मी गेलो नाही. मांडीवर घेऊन बसलो. मधे दूध प्यायला उठायची, पुन्हा माझ्याकडे येऊन झोपायची. संध्याकाळी गाडी होती. निघताना तिने एकदा डोळे उघडले.”

“आणि?”

“आणि काही नाही. जांभई दिली.”

कारकुनाने कळफलकावरून हात उचलले आणि मेहरोत्रांकडे बघितलं. “सर, हे घ्यायचं का? चौकशीशी संबंध नाही याचा.”

मेहरोत्रांनी मसुद्याचं पान उलटलं.

“घ्या,” जागृती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता, तिने तो सावरला नाही. “जांभईसकट घ्या.”